पोर्तुगीज शब्दांची सुरुवात घरातून

गोव्यात पोर्तुगीज शिकणाऱ्याने शब्दांची यादी पाठ करायच्या आधी स्वयंपाकघर धुंडाळावे. पाव, बटाटा, काजू, चावी हे शब्द पोर्तुगीजमधूनच आपल्याकडे आलेत. वहीत मात्र ते लिंगासह उतरवा: ‘उ पाव’ पुल्लिंगी, ‘आ शाव्ह’ (आपली चावी) स्त्रीलिंगी. नुसता शब्द पाठ केला की पुढे वाक्यात हमखास अडखळायला होते.

अर्थ सरकलेल्या शब्दांना वेगळे पान द्या. ‘पगार’ पोर्तुगीजमध्ये क्रियापद आहे, पैसे देणे. ‘पेरा’ म्हणजे पेरू नव्हे, नासपती! (बाजारात फजिती ठरलेली.) मग पणजीत फोंतेन्याश या जुन्या वस्तीत फिरताना ‘रुआ ३१ द जनैरु’ची पाटी वाचा. रस्ता आणि जानेवारी, दोन शब्द फुकटात. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने वही झाकून आठवून पाहा.