गेटवेला हात लावण्याआधी

जुन्या पीसीत दोन लॅन कार्डं बसवून, त्यावर लिनक्स टाकून घरचा गेटवे (घरातली सगळी उपकरणं नेटला जोडणारं यंत्र) केलाय आणि नेट दिवसेंदिवस मंदावतंय, अशा वेळी बोट आधी रीस्टार्टकडे जातं. ते आवरा. रीस्टार्टनंतर दोन दिवस बरं वाटतं, पण पुरावा पुसला जातो.

आदल्या रात्रीच लॅन पोर्टवाला लॅपटॉप, खात्रीची कॅट-६ केबल आणि जुना राउटर काढून ठेवा. पीसीला जोडायला कीबोर्ड-मॉनिटरही. पीपीपीओईचं (नेट कंपनीकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड चक्क कागदावर लिहा, नेट बंद असताना मेलमध्ये शोधता येत नाही. कनेक्शन मॅक अ‍ॅड्रेसला (लॅन कार्डाच्या ओळख क्रमांकाला) बांधलेलं असेल तर तोही टिपा. सेटिंग्जची प्रत पेनड्राइव्हवर. महिन्याचा डेटा संपलाय का, हेही आधीच बघा; त्यापायी रविवार वाया घालवणारे कमी नाहीत. घरच्यांच्या मीटिंगच्या वेळा विचारायला विसरू नका!

मग मोजणी, तुकड्या-तुकड्याने. लॅपटॉप थेट ओएनटीला (कंपनीची फायबर जिथे येते त्या डबीला) लावून स्पीड टेस्ट घ्या, नंतर गेटवेमागून तीच टेस्ट. लॅपटॉप ते गेटवे हा टप्पा आयपर्फ या वेग मोजायच्या प्रोग्रामने वेगळा मोजा. वाय-फायवर मोजलेलं धरू नका. आकडा ९४ एमबीपीएसच्या आसपास अडकत असेल तर संशय केबलवर घ्यावा. गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एक तार सैल झाली की लिंक गुपचूप १०० वर उतरते. लिनक्सवरची एथटूल ही कमांड हे एका ओळीत दाखवते.

मंदपणा मशीन जितके दिवस चालू तितका वाढत असेल, तर कनेक्शन ट्रॅकिंगचं टेबल, म्हणजे गेटवेतून जाणाऱ्या प्रत्येक कनेक्शनची यादी, बघा. लिनक्स सुरू असलेलं टीसीपी कनेक्शन शांत पडलं तरी मुळात ५ दिवस लक्षात ठेवतं. टोरेंटवाल्या घरात टेबल भरायला वेळ लागत नाही. भरलं की नवी पानं अडखळत उघडतात आणि लॉगमध्ये तशी नोंद पडते. प्रोसेसरचं तापमान, पंख्यातली धूळ, लॉगने भरलेली डिस्क जाता जाता तपासा. पीपीपीओईवर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १४९२ हवा.

आपल्याकडचं सगळं ठीक निघालं तरच कंपनीला फोन. ओएनटीवरचे आकडे वेळेसकट समोर ठेवा, तरीही पलीकडून ऐकू येईलच, ‘सर, राउटर एकदा बंद करून चालू करा.’