रिळावरची वायर तापली तेव्हा

डिसेंबरात कॅम्पर व्हॅन घेऊन वाईजवळ धोम धरणाकाठी एका शेतात मुक्कामाला होतो. मालकांच्या घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमधून २५ मीटरची एक्स्टेन्शन वायर आणली. व्हॅन जवळच होती, म्हणून निम्मी वायर रिळावरच ठेवली. चूक तिथेच झाली. २००० वॅटचा हीटर चालू होता, त्यात १५०० वॅटची किटली लावली. म्हणजे एकूण साधारण १५ अँपिअर. थोड्याच वेळात जळका वास! रीळ चटका बसेल इतकं गरम झालं होतं. मालक म्हणाले, "पाव्हणं, समदी सोडा की वायर!" खरंच आहे, गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडायला वाव नसतो.

आधी सॉकेट बंद केलं. वायरीचं आवरण मऊ पडलेलं, ती फेकलीच. साताऱ्यातून २.५ चौरस मिलिमीटरची तीन कोअरची तांब्याची वायर आणली, व्हॅनमध्ये ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घेतली. तिचं टेस्टचं बटण दर मुक्कामी दाबतो. अर्थिंग मात्र वायरमनकडूनच तपासून घेतो, कारण उन्हाळ्यात मातीच सुकलेली असते, आणि कोरड्या मातीत अर्थिंग नीट लागत नाही. आता वायर पूर्ण उलगडतो, आधी व्हॅनला जोडतो, मग सॉकेटला. काढताना उलट. हीटर चालू असताना चहा गॅसवर.