मुलांचा रक्तदाब कसा तपासावा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे बीपी म्हटले की घरातले आजी-आजोबाच डोळ्यांसमोर येतात; परंतु तीन वर्षांपुढील प्रत्येक मुलाचा रक्तदाब वर्षातून एकदा मोजावा, आणि मूल लठ्ठ असेल किंवा त्याला मूत्रपिंडाचा विकार अथवा मधुमेह असेल, तर दवाखान्याच्या प्रत्येक भेटीत मोजावा.

खरी गोम दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यात आहे. त्यातील हवेच्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या किमान ४० टक्के आणि लांबी ८० ते १०० टक्के असावी. आखूड पट्टा आकडा उगाच फुगवतो, मोठा तो कमी दाखवतो. शाळेच्या मैदानावरून धावत आलेल्या मुलाला आधी तीन ते पाच मिनिटे पाठ टेकवून, पावले जमिनीवर ठेवून, गप्प बसवावे (हेच सर्वांत कठीण), आणि उजवा दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजावे.

तेरा वर्षांपासून पुढे १३०/८० किंवा अधिक हा उच्च रक्तदाब समजतात. त्याहून लहानांसाठी मात्र वय, लिंग आणि उंचीनुसार तक्ता पाहावा लागतो. एका वाढीव आकड्यावरून निदान करू नये. यंत्राने जास्त दाखवल्यास डॉक्टरांकडून स्टेथोस्कोप लावून खात्री करून घ्यावी. तीन वेगवेगळ्या भेटींत आकडा चढाच राहिला, तरच निदान पक्के होते.