जॉर्जिया-साउथ कॅरोलिनाच्या धरणांत यलो पर्च कसा पकडायचा

यलो पर्च म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर मिनेसोटा-मिशिगनचा गोठलेला तलाव आणि बर्फात पाडलेलं भोक येतं. पण हा मासा सवाना नदीवरच्या धरणांतही आहे, हार्टवेल, रसेल आणि क्लार्क्स हिल अशा तिन्ही तलावांत, आणि इकडे पाणी गोठत नाही त्यामुळे भर जानेवारीत बोटीत बसून पकडता येतो. (क्लार्क्स हिलचं सरकारी नाव 1987 पासून जे. स्ट्रॉम थरमंड लेक आहे, नकाशात तेच शोधा.) इथे बहुतेक लोक बास आणि स्ट्राइपर या मोठ्या माशांच्या मागे असतात आणि पर्च लागला तर चुकून लागला म्हणून सोडून देतात, मला याचं खरंच वाईट वाटतं कारण खायला इतका गोड मासा या पाण्यात दुसरा नाही.

ओळखायला सोपा आहे, पिवळसर अंग, त्यावर सहा ते आठ गडद उभे पट्टे आणि पोटाखालचे पर केशरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पर्च तळाशी असतो. ब्लूगिल हा छोटा मासा पकडतात तसं काठाजवळ फ्लोट (लाइनवरचा तरंगता गोळा) लावून बसलात तर दिवस जाईल आणि हाताला काही लागणार नाही. डिसेंबर-जानेवारीत मी 25 ते 40 फूट पाण्यात बघते, म्हणजे जमिनीचं टोक तलावात घुसून जिथे एकदम खोल उतरतं ती जागा, किंवा खाडीचं तोंड जिथे जुन्या ओढ्याच्या पात्राला मिळतं तिथे. फिश फाइंडरवर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) तळाला चिकटलेला ठिपक्यांचा पट्टा दिसला की थांबायचं. रसेलमध्ये पाण्याखाली जुनी झाडं तशीच उभी आहेत, त्यामुळे तिथे गळ अडकणार हे धरूनच चाला आणि जास्तीचे गळ-शिसं बरोबर ठेवा.

पहाटे चारला उठायची गरज नाही. पर्च डोळ्याने शिकार करतो आणि अंधार पडला की तळाशी गप्प पडून राहतो, त्यामुळे आरामात चहा पिऊन ऊन वर आल्यावर निघालात तरी चालतं.

सामान हलकंच हवं. लवचिक टोकाचा स्पिनिंग रॉड, 4 किंवा 6 पाउंडची लाइन, 6 नंबरचा गळ. लाइनच्या शेवटी पाव औंसाचं शिसं बांधायचं आणि त्याच्या फूटभर वर गळ, म्हणजे शिसं तळाला टेकतं आणि आमिष बरोबर पर्चच्या तोंडासमोर राहतं. आमिष म्हणून छोटा जिवंत मिनो (बारीक मासा) ओठातून ओवा, नाहीतर गांडुळाचा तुकडा लावा, अख्खं गांडूळ नको कारण लोंबणारं शेपूट तोडून मासा पसार होतो.

चावा कसा येतो हे कळायला मला दोन हिवाळे गेले. बासचा जसा हिसका बसतो तसं काहीच होत नाही, रॉडचं टोक नुसतं जड होतं, ओलं पान अडकल्यासारखं, किंवा तळाला टेकलेलं शिसं अचानक हलकं वाटतं. तेवढ्यावर मनगट हलकेच वर उचलायचं, जोरात ओढायचं नाही. आणि एक लागला की जागा सोडू नका! हे मासे साधारण एकाच मापाचे मिळून थवा करून फिरतात, लगेच आमिष परत खाली सोडा, दहा मिनिटं काहीच झालं नाही तर मग हला. सगळे चार-पाच इंचाचेच येत असतील तर मोठ्यांची वाट बघण्यात अर्थ नाही, दुसरा थवा शोधा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी 45 ते 55 फॅरनहाइटच्या आसपास आलं की ते अंडी घालायला उथळ पाण्यात येतात, तेव्हा काठावरूनही मिळतात. बुडालेल्या फांदीवर चुण्या पडलेली, पारदर्शक जेलीची लांब रिबिन लोंबताना दिसली तर ती पर्चची अंडी, एका मादीची सगळी एकाच पट्टीत असतात. आईबाप राखणीला थांबत नाहीत, म्हणून ती फांदी हलवू नका.

खोल पाण्यातून वर आणलेल्या माशाच्या पोटातला हवेचा फुगा फुगतो, सोडला तरी तो बऱ्याचदा खाली जाऊ शकत नाही, पाण्यावर आडवा तरंगत राहतो. म्हणून खोलात मासे पकडून सोडण्याचा खेळ करू नका, खाण्यापुरते झाले की गळ गुंडाळा.

मासेमारीचं लायसन्स 16 वर्षांपासून पुढे लागतं, आणि दोन्ही राज्यांपैकी एकाचं असलं तरी मुख्य तलावात चालतं, वरच्या ओढ्यांत शिरायच्या आधी मात्र नियम बघा. हार्टवेलच्या माशांत पीसीबी (कारखान्यांतलं विषारी रसायन) सापडल्यामुळे तिथे खाण्याबद्दल सरकारी सूचना आहे, ती वाचूनच मासे घरी न्या.

पकडताना पाठीच्या काट्यांपासून जपा, हात डोक्याकडून मागे सरकवत काटे दाबून धरायचे, आणि कल्ल्याच्या झाकणाची कडही धारदार असते तिकडे बोट नको. बर्फात ठेवून त्याच दिवशी साफ करा. मांसात कधी कधी पिवळे बारीक ठिपके दिसतात, ते परजीवी असतात, सुरीच्या टोकाने काढून टाका, नीट शिजवलं की त्यांचा काही त्रास होत नाही.