नागपूरच्या हवेत गिटारच्या बॉडीला लॅकर मारताना

एनसी लॅकरचा (नायट्रोसेल्युलोज लॅकर, लाकडावर फवारायचं चकचकीत पॉलिश) नागपुरातला मोसम दिवाळीनंतर सुरू होतो आणि फेब्रुवारीपर्यंत चालतो. जुलैमध्ये कुणी बॉडी घेऊन आलं तर मी स्पष्ट सांगते, घासायचं काम आत्ता करून घे, लॅकर दिवाळीनंतर.

कारण साधं आहे. थिनर उडून जाताना लाकडाचा पृष्ठभाग गार पडतो. हवा दमट असली की तिच्यातली वाफ त्या गारव्यावर धरते आणि ओल्या लॅकरमध्ये अडकते. काचेसारखा दिसायला हवा तो थर दुधाळ होतो. मे महिन्यात हवा कोरडी असते म्हणून काही जण खोली बंद करून फवारतात आणि वर कूलर लावतात. बाप्पा, कूलर म्हणजे खोलीत सोडलेलं पाणीच! शिवाय थिनरची वाफ पेटायला मोटारीची एक ठिणगी पुरते. कूलर बंद करून भर दुपारी ४५ अंशात मारायला गेलात तर लॅकरचे कण हवेतच वाळतात आणि बॉडी खरखरीत होते. उन्हाळ्यात करणं भागच असेल तर सकाळी सहाच्या सुमारास करा आणि थिनरमध्ये थोडा रिटार्डर (सावकाश उडणारा थिनर) घाला, म्हणजे लॅकरला पसरायला वेळ मिळतो. थर दुधाळ झालाच तर घाबरू नका. कोरड्या दिवशी त्यावर रिटार्डर घातलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा मारला की अडकलेली ओल बहुतेक वेळा निघून जाते.

लकडगंजात आरा मशीनवर चांगलं सागवान मिळतं, त्यामुळे इकडची पोरं बॉडीसाठी तेच उचलतात. सागवान तेलकट असतं. १२०, १८०, २२० नंबरचे घासायचे पेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेनं मारून झाले की थिनरच्या फडक्यानं पुसत राहा, फडक्यावर पिवळट डाग यायचा थांबेपर्यंत. मग त्याच दिवशी मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात द्या. तो वाळला की पोअर फिलर (लाकडाची छिद्रं बुजवणारी लुगदी) रेषेला आडवा चोळून भरा, वाळल्यावर घासा आणि सँडिंग सीलर (लॅकरखालचा, घासून सपाट होणारा थर) मारा. फिलरचा कंटाळा केला तर वर कितीही लॅकर ओता, महिन्याभरात लाकडाची छिद्रं पुन्हा डोकावतात.

नेक, म्हणजे गिटारची मान, जिथे बसते त्या खाचेत मास्किंग टेप लावा. तिथे लॅकर साचलं तर नेक नीट बसत नाही, आणि दाबून बसवली तर कडेला तडा जातो. टेप लावण्याआधी खाचेतल्या स्क्रूच्या भोकांत एक लाकडी पट्टी कसून घ्या. धरायला मूठ होते आणि वाळताना बॉडी तिच्यावरच टांगता येते.

कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी काढून टाका. लॅकर आणि थिनर साधारण निम्मं-निम्मं, पण डब्यावरची सूचना वाचून. फवारायच्या गनचं नोझल १.३ किंवा १.४ मिलिमीटर. गन लाकडापासून वीतभर लांब धरा आणि मनगट न वळवता अख्खा हात सरकवा. ट्रिगर बॉडीच्या अलीकडे दाबायचा आणि कड ओलांडून गेल्यावरच सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे. आधी कडा, मग पाठ, शेवटी समोरची बाजू.

फवारताना नजर लाकडावर नको, लाकडात दिसणाऱ्या ट्यूबलाइटवर हवी. ट्यूबलाइट दाणेदार दिसली तर थर कोरडा पडतोय. गन जरा जवळ घ्या किंवा हात थोडा सावकाश चालवा. तिची रेघ सलग आणि ओली दिसली की पुढे सरका. रेघ खाली लोंबायला लागली तर थांबा. आलेला ओघळ लगेच पुसू नका, पूर्ण वाळल्यावर पेपरनं सपाट करा.

दिवसाला तीन हात, मधे दीड-दोन तास. एकूण आठ-दहा पातळ हात पुरतात. नवा हात आधीच्या थराला विरघळवून त्यात मिसळतो, म्हणून दर वेळी घासायची गरज नाही. धूळ बसली असेल तिथेच ४०० चा पेपर फिरवा.

तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्कच लागतो. जवळपास गॅस गीझर, देवघरातला दिवा, अगरबत्ती काही पेटलेलं नको. खोलीत आरपार वारा हवा.

मग तीन-चार आठवडे बॉडी टांगून ठेवा. नाक लावून थिनरचा वास आला तर आणखी थांबा. त्यानंतर १००० पासून २००० पर्यंत ओला पेपर, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. कडांवर थर पातळ असतो, तिथे हात हलका ठेवा. स्क्रूच्या भोकांत पाणी जाऊ देऊ नका, लाकूड फुगून भोकाभोवती लॅकर तडकतं. शेवटी सिलिकॉन नसलेलं रबिंग कंपाउंड.

गिटार तयार झाल्यावर स्टँडचं रबर तपासा. साधं रबर आणि रेक्झिनचा पट्टा एनसी लॅकरला मऊ करून चिकटतात. तिथे सुती कापड गुंडाळा.