पूल हीटरचे अर्थिंग: न्यूट्रलला अर्थ समजू नका

आयटीआयमधून वायरमन ट्रेड करून नुकत्याच कामाला लागलेल्या पोरांसाठी हे लिहितो आहे. बोर, पेंच, ताडोबा, कोणत्याही जंगलाच्या वाटेने जा, फार्महाऊस आणि रिसॉर्ट दिसतात, त्यांत पूल असतो आणि डिसेंबरच्या पाहुण्यांना पाणी कोमट लागते. काम मिळते, पैसेही बरे मिळतात. पण घरचा गीझर जोडता आला म्हणून पूल हीटर जोडता येतो असे नाही. गीझरजवळ माणूस क्षणभर ओला असतो. इथे तो तासभर पाण्यात बुडालेला असतो, आणि ओल्या अंगाचा रोध फार कमी असतो.

माझे पहिले काम सेलू तालुक्यातले. लहान मुलांचा १० हजार लिटरचा पूल, ३ किलोवॉटचा सिंगल फेज हीटर. एवढे पाणी एक अंशाने तापवायला या हीटरला जवळपास चार तास लागतात, म्हणजे तो रात्रभर चालणार हे नक्की. अर्थिंगच्या पिटचे, म्हणजे अर्थची वायर जोडलेला पाइप पुरतात त्या खड्ड्याचे, रीडिंग चांगले येत नव्हते, रोध जास्त येत होता. दुसरा पिट खोदायला मालक तयार नव्हते, पाहुणे चार दिवसांवर आले होते. माझे उस्ताद म्हणाले, "काहून एवढा विचार करतं? न्यूट्रल डीपीजवळ जमिनीतच गेला आहे ना? मग इथंच अर्थले जोडून टाक."

मी हीटरच्या डब्यात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र केले. हीटर चालू करताच आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, पडला. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. तेव्हा उस्तादांनी तो जोड तिथून काढून मेन बोर्डात, आरसीसीबीच्या आधी करायला लावला. ट्रिपिंग थांबले. टेस्टचे बटण दाबून पाहिले, आरसीसीबी बरोबर पडला. काम झाले असे समजून मी घरी आलो.

इथेच मी फसलो. म्हणून हे सावकाश वाचा, कागदावर आकृती काढून वाचा.

आरसीसीबी फक्त एक गोष्ट मोजतो: फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला का. ३० मिलीअँपियरच्या आरसीसीबीला एवढा फरक दिसला की तो पडतो. हीटरच्या डब्यात जोड होता तेव्हा परतीचा थोडा करंट अर्थच्या वायरने जात होता, म्हणून तो पडत होता. तो खरे बोलत होता, आम्ही त्याचे तोंड बंद केले. जोड आरसीसीबीच्या आधी नेल्यावर सगळा करंट त्याच्यातून गेला आणि त्याच्यातूनच परत आला. पुढे तो कुठे वळतो हे त्याला कळायला मार्गच उरला नाही.

आता समजा पोलवरचा न्यूट्रल तुटला. फेज हीटरमधून न्यूट्रलवर येतो, पुढे रस्ता नाही, म्हणून त्या जोडातून अर्थच्या वायरवर जातो आणि पिटमधून जमिनीत उतरतो. हीटरचा रोध साधारण १८ ओहम. पिटचा २० ओहम धरा. २३० व्होल्टची जवळपास निम्मी वाटणी होते आणि अर्थच्या वायरवर १२० व्होल्ट उभे राहतात. म्हणजे हीटरच्या बॉडीवर, पंपाच्या बॉडीवर, शिडीवर. बिघाड एकाही मशीनमध्ये नाही, अर्थिंग जोडलेले आहे, आरसीसीबी चालू आहे, आणि तरी शिडीत करंट आहे.

तिसऱ्या आठवड्यात हेच झाले. पोलवरचा न्यूट्रलचा जोड निसटला. दिवे मंद झाले, पण विझले नाहीत, म्हणून कोणाला शंका आली नाही. माळीकाका अनवाणी, ओल्या फरशीवर उभे राहून शिडी पुसत होते. झटक्याने मागे फेकले गेले, म्हणून वाचले. हात लोखंडाला चिकटला असता तर मी आज हे लिहीत नसतो. काकांच्या मनगटावरचा तो डाग मला आजही दिसतो.

तर न्यूट्रल आणि अर्थ ग्राहकाच्या बाजूला कुठेही एकत्र करायचे नाहीत. पिट खराब असेल तर दुसरा पिट खोदायचा. मालक नाही म्हणाले तर हीटर चालू करायचा नाही. भांडण होईल, होऊ द्या. आणि टेस्टच्या बटणावर विसंबू नका. ते फक्त आरसीसीबीची यंत्रणा तपासते, तुमचे अर्थिंग नाही.

बाकीचे भिण्यासारखे नाही, शिस्तीचे आहे. पुलाच्या काठापासून २ मीटरपर्यंतचा पट्टा सर्वांत धोक्याचा, त्यापुढचा दीड मीटरही जपायचा. म्हणून हीटर आणि बोर्ड साडेतीन मीटरच्या बाहेर ठेवा. हीटरला स्वतंत्र आरसीसीबी द्या. फ्लो स्विच, म्हणजे पाणी वाहत असेल तरच हीटर चालू देणारा स्विच, जोडल्याशिवाय हीटर चालू करू नका, कारण आपल्याकडे लाईन जाते-येते, पंप बंद राहिला की एलिमेंट कोरडे जळते. बोअरच्या जड पाण्याने एलिमेंटवर क्षार बसतो, तो दर हंगामात काढा आणि मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचे मीटर, लावून पाहा.

बाँडिंग मात्र विसरू नका. अर्थिंगने बिघाडाचा करंट जमिनीत जातो. बाँडिंगने शिडी, रेलिंग, पंप, लोखंडी पाइप आणि पुलाच्या काँक्रीटमधली सळई हे सगळे एका पातळीवर राहते, म्हणजे एका हाताने शिडी आणि दुसऱ्याने पाइप धरला तरी मध्ये व्होल्टेज नसते. उघड्यावरून जाणारी वायर किमान ४ चौरस मिलिमीटर तांब्याची घ्या. सळईचे टोक बाहेर ठेवायला गवंड्याला काँक्रीट पडण्याआधीच सांगा, नंतर पूल फोडावा लागतो.

उस्तादांबद्दल माझ्या मनात राग नाही. पाइप वाकवणे, जॉइंट मारणे, लाईन बंद करून खिशात फ्यूज ठेवणे, हे त्यांच्याकडूनच शिकलो. पण "असं का?" विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडून हात शिका, निर्णय शिकू नका. मोबाईलवरच्या पाच मिनिटांच्या व्हिडिओंबद्दल तर बोलायलाच नको. परवाना नसताना एकट्याने पुलाचे काम घेऊ नका. पहिले दोन पूल परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली करा, कमी पैसे मिळाले तरी चालतील. हे जमते, मला जमले, तुम्हालाही जमेल.

शेवटचे आपल्या काळ्या मातीचे. ऑगस्टमध्ये ती ओली असते, पिटचे रीडिंग सुंदर येते. मे महिन्यात तीच माती आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाइपपासून सुटते, आणि रीडिंग कितीतरी वर जाते. म्हणून अर्थ टेस्टर घेऊन उन्हाळ्यातही जा. त्या रिसॉर्टमध्ये आता दोन पिट आहेत, न्यूट्रलचा जोड कधीच काढला, आणि मी दर मे महिन्यात तिथे जातो. माळीकाका मी येणार म्हणून पिटमध्ये आधीच दोन बादल्या पाणी ओतून ठेवायचे. त्यांना समजावून सांगितले, पाणी एरवी रोज टाका काका, पण मी यायच्या आधी आठ दिवस टाकू नका. कोरड्यात किती येते तेच मला पाहायचे आहे.