रमाबाईंचा धडा घेताना

संडे स्कूलमध्ये पंडिता रमाबाई घ्यायच्या असतील तर 'जन्म १८५८, मृत्यू १९२२' अशी सुरुवात करू नका. तिसऱ्या मिनिटाला पोरं खिडकीबाहेर बघायला लागतात. सतरा वर्षं शिकवतेय, मला विचारा.

एकच प्रसंग धरा. मी केडगावचा छापखाना धरते. रमाबाई हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या आणि 'मुक्ती' या त्यांच्या आश्रमातल्याच मुली-बायका खिळे (छपाईची धातूची अक्षरं) जुळवत होत्या. त्यांतल्या कितीतरी १८९६-९७च्या दुष्काळातून आलेल्या. बाईंचं संस्कृत असं, की १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'सरस्वती' म्हटलं. तरी बायबलची भाषा त्यांनी साध्या बाईला कळेल अशी ठेवली. इथे घाई नको. हुशार माणूस अवघडच बोलतो, असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं (काही पाळकांच्याही).

मग बटाटे काढा. माणशी अर्धा, काप पुसून कोरडा केलेला. त्यावर पेनाच्या टोपणाने नावाचं पहिलं अक्षर कोरायचं, शाई लावून कागदावर दाबायचं. सुरी मुलांच्या हातात देऊ नका. पहिल्या वर्षी माझ्याच लक्षात आलं नव्हतं. सगळ्यांची अक्षरं उलटी उठली, वर्गभर हशा. आता मी पहिला ठसा मुद्दाम चुकू देते. खिळ्यावर अक्षर उलटं असतं हे मग सांगावं लागत नाही. 'सगळं बायबल असं उलटं जुळवलं?' हा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो. येईपर्यंत गप्प बसा.

आता अवघड भाग. बाप्तिस्मा १८८३ साली, इंग्लंडात वाँटेजला. पण बाई आपल्या साक्षीत सांगतात, की त्यानंतरही बरीच वर्षं धर्म हाती होता, ख्रिस्त सापडला नव्हता. 'हे लहान मुलांना कशाला?' असं मला मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी विचारलं होतं. लहानांना नका सांगू हवं तर. आठवी-नववीच्या मुलांना मात्र सांगाच, आणि सांगून झाल्यावर लगेच प्रार्थनेला उभं करू नका.

गेल्या वर्षी नववीतली एक मुलगी वर्ग सुटल्यावर मागे रेंगाळली. "टीचर, म्हणजे त्यांनासुद्धा?" एवढंच म्हणाली. मी "हो" म्हटलं. मग दोघींनी मिळून शाईचे बटाटे गोळा केले.